कंबरेचा खर्च कुठल्या खात्यावर?

प्रश्न : मी वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत 19 वर्षं सीएनसी लेथवर ऑपरेटर होतो. ट्रकचे ब्रेक ड्रम पॅलेटवरून (माल रचायच्या फळीवरून) उचलायचे आणि लेथच्या चकमध्ये, म्हणजे पार्ट पकडणाऱ्या जबड्यात, बसवायचे, हे काम. एक ड्रम साधारण 18 किलोचा, शिफ्टला 200 च्या वर. दीड वर्षापूर्वी कंबरेतली गादी सरकली, अडीच महिने घरी बसलो. आता फायनल इन्स्पेक्शनला आहे. ओव्हरटाइम बंद झाला. मशीनवर माझ्या जागी कंत्राटातला एक तरुण मुलगा घेतलाय. माझी मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला एर्गोनॉमिक्समध्ये, म्हणजे काम माणसाच्या शरीराला सोसेल असं बेतण्याच्या विषयात, करिअर करायचंय. नातेवाईक हसतात, 'खुर्च्या विकणार का?' म्हणतात. माझं दुखणं बघून तिने हे डोक्यात घेतलं असावं. यात नोकऱ्या आहेत का? कंपनी कामगाराच्या कंबरेवर पैसे खर्च करेल, हे मला तरी पटत नाही.
– एक वडील, छत्रपती संभाजीनगर

उत्तर :

नमस्कार.

नोकरीचं नंतर बोलू. आधी तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य घेतो, कारण मुलीला पुढे जो कोणी मुलाखतीला बसवेल, त्याच्या मनातही तेच असणार.

तुमच्याच ड्रमचा हिशोब मांडून पाहू. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचं वजन उचलण्याबद्दलचं एक सूत्र आहे, 1991 मध्ये सुधारलेलं. जगभरचे कारखाने ते वापरतात. सगळं अनुकूल असेल, म्हणजे वस्तू कंबरेच्या उंचीला, अंगाला लागून, अधूनमधूनच उचलायची, तर मर्यादा 23 किलो. मग परिस्थिती बिघडेल तसतसा त्यातून भाग वजा होत जातो. हात घोट्यांपासून 25 ऐवजी 50 सेंटिमीटर पुढे गेले की मर्यादा थेट निम्मी होते. पॅलेट मध्ये येत असल्यामुळे तुमचे हात तेवढे पुढे जातच असणार. सगळ्यात खालच्या थरातला ड्रम जमिनीपासून 25 सेंटिमीटरवर पकडता आणि मीटरभर उंचीच्या चकपर्यंत नेता, असं मी अंदाजाने धरलं. दोन मिनिटांना एक ड्रम, आठ तासांची शिफ्ट. सगळं घालून उत्तर येतं सुमारे 7 किलो. ड्रम 18 किलोचा. म्हणजे अडीचपट.

यात कमरेतून वळणं धरलेलं नाही. तेलकट ड्रमला धड पकड मिळत नाही, तेही नाही.

आता दुसरा आकडा, जो बहुतेक सुपरवायझरांच्या लक्षातच येत नाही. माणसाच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग कंबरेच्या वर असतो. तुम्ही 70 किलोचे असाल तर खाली वाकून उठताना ड्रमच्या 18 किलोंबरोबर स्वतःचं 45 किलोंचं धडही उचलता. 200 ड्रम म्हणजे 3,600 किलो लोखंड. प्रत्येक वेळी पुरतं वाकावं लागलं असं धरलं, तर त्यावर 9,000 किलो तुम्ही स्वतः. म्हणून 'ड्रम काही फार जड नाही' असं म्हणणारा मॅनेजर खोटं बोलत नसतो. तो फक्त ड्रमच मोजत असतो.

आता पॅलेटखाली स्प्रिंगचा टेबल ठेवला असं समजा. ड्रम कमी होत जातात तसा तो आपोआप वर येतो आणि वरचा थर कायम कंबरेशी राहतो. पॅलेट फिरवता आलं तर हात 30 सेंटिमीटरच पुढे जातील. तेच सूत्र आता साडेपंधरा किलो म्हणतं. ड्रम तरीही जडच, म्हणून पुढची पायरी वजन उचलणारा छोटा हॉइस्ट, किंवा रोलर लावून ड्रम सरकवत नेणं. पण सातावरून साडेपंधरावर यायला ना नवीन मशीन लागलं, ना नवीन माणूस. या विषयाचं मर्म या एवढ्या फरकात आहे.

मग कंपनीने तो टेबल 19 वर्षांत का घेतला नाही? मालक दुष्ट असतो असं नेहमीच नसतं. कंबरेचा खर्च त्याच्या वहीत कुठेही कंबर म्हणून लिहिलेला नसतो. बोट कापलं की अपघाताच्या रजिस्टरला नोंद होते, चौकशी होते. गादी सरकली की माणूस आजारपणाच्या रजेवर जातो आणि तो आकडा एचआरकडे राहतो. त्याच्या जागी नवखा मुलगा येतो, त्याचं रिजेक्शन क्वालिटीवाल्यांच्या खात्यात. त्याला शिकवण्यात सेटरचे, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याचे, तास जातात, ते तर कुणी लिहीतच नाही. 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, आणि आता त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेतही, सरकारला कळवायच्या 29 आजारांची यादी आहे. त्यात सिलिकोसिस आहे, शिशाची विषबाधा आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे. कंबर, मान, खांदा नाही. जे कुठे कळवायचं नाही ते कुणी मोजत नाही.

चार खात्यांत विखुरलेला हा खर्च एका कागदावर आणून प्लँट हेडसमोर ठेवणं, आणि शेजारी टेबलाचं कोटेशन लावणं, हे या व्यवसायातलं खरं काम. खुर्ची त्यातली फार छोटी गोष्ट.

पण तुमची शंकाही पोकळ नाही. जिथे कंत्राटातली मुलं सहज मिळतात तिथे कंपनी माणूस बदलते आणि मोकळी होते. तिचा खर्च खरोखर कमी असतो, कारण बाकीचा तुमच्या घराने उचललेला असतो. एमआरआय, औषधं, बंद झालेला ओव्हरटाइम, घरातल्या बाईची वाढलेली कामं. ईएसआय या सरकारी कामगार विम्यात असाल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. उरलेले 30 टक्के कुठून आले, ते तुमच्या घरी सगळ्यांना माहीत असेल. तुमच्या मुलीने हा हिशोब जवळून पाहिलाय. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांनी पाहिलेला नसतो.

त्यामुळे 'माझं दुखणं बघून डोक्यात घेतलं' याचा अपराध वाटून घेऊ नका. मात्र तिला एकदा स्पष्ट विचारा : मला बरं करायला निघालीस, की हे काम आवडतंय? पहिलं असेल तर दोन वर्षांत निराश होईल; सरकलेली गादी तिच्या पदवीने जागेवर येत नाही. दुसरं असेल तर पुढचं वाचा.

नातेवाइकांनाही उत्तर देऊन ठेवतो. एर्गोनॉमिक्स हा शब्द 1857 मध्ये यास्त्रझेंबोव्स्की नावाच्या पोलिश शास्त्रज्ञाने काम आणि नियम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांतून घडवला. कामाचे नियम, इतकाच अर्थ. आणि खुर्चीला हसायचं असेल तर आधी केरळात जाऊन यावं. साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी बसायला मिळावं म्हणून तिथे आंदोलन केलं, तेव्हा 2018 मध्ये कायदा बदलला. तमिळनाडूने 2021 मध्ये तेच केलं. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, हे तर 1948 च्या कायद्याच्या कलम 44 मध्येच होतं. किती ठिकाणी स्टूल दिसतं, ते तुम्हीच सांगा.

आता नोकरी. 'एर्गोनॉमिस्ट पाहिजे' अशी जाहिरात फार क्वचित दिसते. त्या शब्दाने शोधत बसली तर मुलगी सहा महिन्यांत हात टेकेल. हा विषय दुसऱ्या दारातून आत शिरून करायचा असतो.

तिच्यासाठी सगळ्यात जवळचं दार इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं. वाहन कंपन्या आणि त्यांचे मोठे पुरवठादार नवीन लाईन बसवतात तेव्हा कुठला पार्ट कुठल्या उंचीला ठेवायचा, ऑपरेटर किती पावलं चालेल, हात खांद्याच्या वर किती वेळा जाईल, हे हीच माणसं ठरवतात. मेकॅनिकलची पदवी तिथे थेट चालते. पुढे शिकायचं असेल तर पवईची जुनी नीटी, 1963 मध्ये नेमक्या याच विषयांसाठी सुरू झालेली, 2023 पासून आयआयएम मुंबई झाली आहे. प्रवेश कॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेने होतो.

दुसरं दार सेफ्टीचं. 1,000 कामगारांच्या कारखान्याला सेफ्टी ऑफिसर नेमावा लागे. 2020 च्या संहितेत ही मर्यादा 500 वर आणली आहे, धोकादायक प्रक्रिया असेल तर 250 वर. म्हणजे जागा वाढायला वाव आहे. पदवी, कारखान्यातला अनुभव आणि इंडस्ट्रियल सेफ्टीचा वर्षभराचा अॅडव्हान्स्ड डिप्लोमा, अशी याची वाट आहे. मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये हा डिप्लोमा होतो. अनुभवाच्या अटी प्रवेशाच्या वेळी ताज्या वाचाव्यात. यातली मला आवडणारी अट म्हणजे, बहुसंख्य कामगारांची भाषा सेफ्टी ऑफिसरला यायला हवी. तुमची मुलगी तिथे जन्मापासून पास आहे. फक्त एक सावधगिरी : बऱ्याच कंपन्यांत सेफ्टी म्हणजे हेल्मेट, बूट आणि फॉर्म भरणं. नोकरी घेताना 'लाईनवर बदल सुचवायचा अधिकार कुणाला आहे?' हे विचारावं.

तिसरं दार डिझाइनचं. हात चित्रात चालत असेल तरच. जानेवारीत सीड ही डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा असते. तिच्यातून आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाला किंवा एर्गोनॉमिक्सची चांगली प्रयोगशाळा असलेल्या आयआयटी गुवाहाटीला एम.डेस. ही डिझाइनची पदव्युत्तर पदवी करता येते. यंत्रं, अवजारं, गाड्यांच्या केबिन भारतीय शरीराच्या मापांवर बेतणं हे तिथलं काम. भारतीयांच्या शरीरमापांचा मोठा संच अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी, आणि खरं तर अजूनही, परदेशी मापाच्या मशीनसमोर बुटक्या ऑपरेटरने लाकडी फळी टाकून उभं राहायचं, हीच आपली पद्धत. तुम्हीही टाकली असेल.

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीतूनही माणसं इथे येतात, पण तिसऱ्या वर्षातून मागे फिरण्यात अर्थ नाही.

आणि पगार? सुरुवातीला कॉलेजमधल्या सॉफ्टवेअरवाल्यांपेक्षा कमी असेल. हे आत्ताच सांगतो, म्हणजे तेव्हा घरात वाद नको. पाच-सहा वर्षं लाईनवर काढल्यावर जी किंमत येते ती मात्र सहज घसरत नाही.

दोन गोष्टी तिने आधीच डोक्यात पक्क्या कराव्यात. पहिली कमरेच्या पट्ट्याची. कंपनी पट्टे वाटते, फोटो काढते, विषय संपला. धडधाकट कामगाराची कंबर पट्ट्याने वाचते याला पुरेसा पुरावा नाही, असं नायॉशने 1994 मध्येच सांगून टाकलं होतं. ड्रम आहे तिथेच राहतो आणि जबाबदारी पट्टा न घालणाऱ्यावर येते. दुसरी जास्त अवघड आहे. तिने टेबल बसवला, काम हलकं झालं, वेळ वाचला, की कुणीतरी म्हणणारच, 'मग आता 200 च्या जागी 300 काढा.' उचलण्याची संख्या वाढली की त्याच सूत्रातली मर्यादा पुन्हा खाली येते. टेबल येतो आणि कंबर होती तिथेच राहते. असं एकदा झालं की कामगार पुढच्या वेळी तिला मशीनजवळ उभं करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल. टार्गेटचं आधी लिहून घ्यायचं, मग टेप काढायची.

आता करण्याजोगं. पुढच्या वर्षी तिला फायनल इयरचा प्रोजेक्ट लागेल. विकत मिळणारे प्रोजेक्ट सोडून तुमचंच जुनं मशीन घ्यावं. कंपनीची लेखी परवानगी कॉलेजच्या पत्रावर मागा. 'तक्रार' हा शब्द न घालता 'कायझेन', म्हणजे कामातली छोटी-छोटी सुधारणा, हा शब्द घाला. एक पूर्ण शिफ्ट उभं राहून तिने मोजावं : किती ड्रम, कुठल्या थरातून, किती पावलं, शेवटच्या दोन तासांत रिजेक्शन वाढतं का. त्या मशीनवर पाच वर्षांत किती माणसं बदलली, हे तुमच्याशिवाय तिला कुणी सांगणार नाही. मग टेबल बनवणाऱ्या दोघांकडून कोटेशन. हा अहवाल घेऊन ती मुलाखतीला गेली तर गुणपत्रिका बाजूला राहील. आणि हे करताना कंटाळली, तर हा विषय तिचा नाही, हेही फुकटात कळेल.

मी वर जी मापं धरली ती अंदाजाची आहेत. खालच्या थरातल्या ड्रमची जमिनीपासूनची उंची आणि पकडताना घोट्यापासून हातापर्यंतचं अंतर मला कळवा, सूत्र पुन्हा मांडून पाठवतो. मोजायला तुमच्या जागी आलेल्या त्या मुलाला सांगा. तुम्ही वाकू नका.