हेवीवेटची गादी : टायसन १९८६चा की १९८८चा?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माइक टायसनने २२ नोव्हेंबर १९८६ रोजी ट्रेव्हर बर्बिकला हरवले आणि वयाच्या विसाव्या वर्षी तो हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला, असे मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. परंतु जगज्जेत्यांच्या एका यादीत त्याचे नाव थेट जून १९८८मध्ये, मायकेल स्पिंक्सच्या पाठोपाठ येते. मधल्या काळात तर त्याच्याकडे तीन पट्टे होते. मग खरी नोंद कोणती मानावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही नोंदी बरोबर आहेत, पण त्या दोन वेगळ्या गोष्टींच्या आहेत. १९८६ची नोंद वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल या संघटनेच्या पट्ट्याची, म्हणजे तिने स्वतःच्या जगज्जेत्याला दिलेल्या किताबाची आहे. १९८८ची नोंद आहे ती ज्याला जाणकार ‘लिनियल’ जगज्जेतेपद म्हणतात त्याची, म्हणजे आधीच्या जगज्जेत्याला रिंगमध्ये हरवून मिळवलेल्या गादीची. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीचा मानकरी स्पर्धेतून ठरतो. व्यावसायिक मुष्टियुद्धात जगज्जेतेपदासाठी तशी स्पर्धा नसते. जगज्जेता हरेपर्यंत जगज्जेता राहतो आणि त्याला हरवणारा त्याची जागा घेतो, एवढाच मूळ नियम.

हा नियम आणि संघटनांचे पट्टे यांची फारकत कशी झाली, ते समजण्यासाठी १९७८पर्यंत मागे जावे लागेल. १५ फेब्रुवारी १९७८ रोजी लास व्हेगासमध्ये लिऑन स्पिंक्स या तरुणाने, कारकिर्दीतल्या अवघ्या आठव्या व्यावसायिक लढतीत, मुहम्मद अलीला गुणांवर हरवले. त्याने पुढची लढत केन नॉर्टनशी करावी असा वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा आग्रह होता. स्पिंक्सने अलीशीच पुन्हा लढायचे ठरवल्यावर कौन्सिलने त्याचा पट्टा काढून घेतला आणि एकही नवी लढत न होता नॉर्टनला जगज्जेता जाहीर केले. जूनमध्ये लॅरी होम्सने नॉर्टनला हरवले. सप्टेंबरमध्ये न्यू ऑर्लीन्स येथे अलीने स्पिंक्सकडून आपली गादी परत मिळवली आणि पुढच्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. पट्टा होम्सकडे आणि गादी निवृत्त अलीकडे, अशी ही अवघडलेली स्थिती २ ऑक्टोबर १९८०पर्यंत टिकली. त्या रात्री परत आलेल्या अलीला होम्सने दहा फेऱ्या एकतर्फी मार दिला आणि अकराव्या फेरीसाठी अलीच्या कोपऱ्यातूनच त्याला उठू दिले गेले नाही. अलीवर प्रेम करणाऱ्या कोणालाही ती लढत पाहवत नाही. मात्र होम्सच्या हक्काबद्दलची उरलीसुरली शंका तिने मिटवली.

होम्सने ४८ लढती जिंकल्या होत्या आणि एकही गमावली नव्हती. रॉकी मार्सियानोच्या ४९ विजयांच्या विक्रमाला एकच विजय कमी असताना, २१ सप्टेंबर १९८५ रोजी, त्याला हरवले ते लिऑनच्याच धाकट्या भावाने, मायकेल स्पिंक्सने. हे दोघे भाऊ १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकचे सुवर्णपदकविजेते. मायकेल हा तोवर लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता होता आणि गादीवर असलेल्या त्या गटाच्या जगज्जेत्याने हेवीवेटचे जगज्जेतेपद घेण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे १९८७मध्ये त्याने संघटनेने नेमलेल्या आव्हानवीराऐवजी गेरी कूनीशी लढायचे ठरवले, म्हणून इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनने त्याचा पट्टा काढून घेतला. तो पट्टा टोनी टकरने बस्टर डग्लसला हरवून मिळवला.

टायसनने नेमके याच काळात एकेक पट्टा गोळा केला : नोव्हेंबर १९८६मध्ये बर्बिककडून, मार्च १९८७मध्ये जेम्स स्मिथकडून (वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनचा) आणि ऑगस्ट १९८७मध्ये टकरकडून. तिन्ही संघटनांच्या लेखी तो एकमेव जगज्जेता झाला. परंतु होम्सला हरवणारा माणूस अजून अपराजित होता आणि टायसनने त्याच्याशी हातही मिळवला नव्हता. २७ जून १९८८ रोजी अटलांटिक सिटीत ते समोरासमोर आले. सुमारे एक मिनिटाने अंगावर बसलेल्या ठोशाने स्पिंक्स एका गुडघ्यावर गेला, उठला, पुढे सरसावला, आणि लगेचच पाठीवर कोसळला. डोके दोरांखाली, नजर हरवलेली. घंटा वाजल्यापासून ९१ सेकंदांत लढत संपली. स्पिंक्स त्यानंतर कधीच लढला नाही.

टायसन १९८६पासूनच त्या गटातला सर्वांत प्रबळ मुष्टियोद्धा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही जगज्जेत्यांची परंपरा लिहिताना मी १९८८च लिहीन, कारण स्पिंक्सकडून गादी काढून घेण्याचा अधिकार त्याला हरवणाऱ्याखेरीज कोणालाच नव्हता. ती गादी टायसनकडे दोन वर्षेही राहिली नाही. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत दहाव्या फेरीत त्याला नॉकआउट करणारा बस्टर डग्लस म्हणजे टकरशी हरलेला तोच मुष्टियोद्धा.

प्रश्न : जगज्जेता न हरताच निवृत्त झाला तर ही साखळी तुटत नाही का? तुटत असेल, तर १८९२पासूनच्या ‘अखंड’ परंपरेला काय अर्थ उरतो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुटते, आणि एकदा नव्हे, अनेकदा तुटली आहे. ‘अखंड’ हा शब्द मी तरी वापरणार नाही. परंपरेची सुरुवात साधारणपणे ७ सप्टेंबर १८९२पासून मोजतात. त्या दिवशी न्यू ऑर्लीन्समध्ये जेम्स कॉर्बेटने, हातमोजे घालून आणि क्वीन्सबेरी नियमांनुसार, म्हणजे आधुनिक मुष्टियुद्धाच्या नियमांनुसार, जॉन एल. सलिव्हनला एकविसाव्या फेरीत नॉकआउट केले. ही गादी दान करता येते का, हा प्रश्न त्यानंतर तीनच वर्षांनी उभा राहिला. १८९५मध्ये कॉर्बेटने निवृत्ती जाहीर करून जगज्जेतेपद पीटर माहर याला देऊन टाकले. फेब्रुवारी १८९६मध्ये बॉब फिट्झसिमन्सने माहरला पहिल्याच फेरीत झोपवले. टेक्सासमध्ये लढतीला बंदी असल्यामुळे ही लढत रिओ ग्रांदे नदीच्या पात्रात, मेक्सिकोच्या बाजूच्या वाळूवर झाली. नियमाच्या भाषेत फिट्झसिमन्स आता जगज्जेता होता. लोकांनी ते मान्य केले नाही. १७ मार्च १८९७ रोजी कार्सन सिटीत चौदाव्या फेरीत त्याने कॉर्बेटच्याच पोटाच्या वरच्या बाजूला, बरगड्यांच्या खाली ठोसा मारून त्याला खाली बसवले, तेव्हा कुठे त्याला सर्वांनी जगज्जेता म्हटले. या परंपरेचे खरे संविधान कोणते असेल तर ते याच लढतीने लिहिले, असे मला वाटते.

खरी पहिली तूट १९०५मध्ये पडली. तेव्हाचा जगज्जेता जेम्स जेफ्रीस अपराजित निवृत्त झाला आणि जुलैमध्ये रीनो येथे मार्विन हार्ट व जॅक रूट यांची लढत होऊन हार्ट विजयी ठरला. पंच म्हणून स्वतः जेफ्रीस उभा होता. पुढच्या वर्षी हार्टला टॉमी बर्न्सने हरवले. दोघांनाही अनेकांनी मनापासून जगज्जेता मानले नाही, कारण जेफ्रीस हयात होता, धडधाकट होता आणि हरलेला नव्हता.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. कोणी कोणाला हरवले हे ही परंपरा सांगते. कोणाला लढूच दिले गेले नाही, हे सांगत नाही. सलिव्हनने कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यांशी लढायला जाहीर नकार दिला होता. ऑस्ट्रेलियातून आलेल्या पीटर जॅक्सनशी कॉर्बेट १८९१मध्ये ६१ फेऱ्या लढला आणि ती लढत अनिर्णित राहिली. पण जगज्जेता झाल्यावर त्याने जॅक्सनला पुन्हा संधी दिली नाही. जॅक जॉन्सनला तर बर्न्सचा पाठलाग इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत करावा लागला. बर्न्सला ३०,००० डॉलर कबूल झाल्यावरच तो तयार झाला. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि गोऱ्या जगज्जेत्याचा शेवट दिसू नये म्हणून कॅमेरेही बंद करण्यात आले. ज्या क्षणी गादी बदलली, त्या क्षणाचे चित्रीकरण म्हणूनच उपलब्ध नाही. जॉन्सनकडून गादी परत घेण्यासाठी जेफ्रीसला निवृत्तीतून बाहेर काढले गेले आणि ४ जुलै १९१० रोजी रीनोत जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत निष्प्रभ केले. त्या रात्री अमेरिकेत अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. १९१५मध्ये हवाना येथे जेस विलार्डने जॉन्सनला सव्विसाव्या फेरीत हरवले आणि त्यानंतर २२ वर्षे, म्हणजे जून १९३७मध्ये जो लुईस जगज्जेता होईपर्यंत, एकाही कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला या किताबासाठी लढू दिले गेले नाही. हॅरी विल्स हा त्या काळातला बलाढ्य कृष्णवर्णीय आव्हानवीर जगज्जेत्या जॅक डेम्प्सीशी लढत होण्याची वाट पाहत म्हातारा झाला. यादीतले डेम्प्सीचे नाव मी खोडणार नाही, पण ते वाचताना विल्सचे नाव आठवल्याशिवाय राहत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. १९१०च्या रीनोच्या लढतीने आणखी एक गोष्ट केली : निवृत्त जेफ्रीस परत येऊन हरल्यामुळे १९०५ची तूट सांधली गेली. पुढेही असे घडत गेले. जो लुईस २५ वेळा किताब राखून १९४९मध्ये निवृत्त झाला, एझर्ड चार्ल्सने जर्सी जो वॉलकॉटला हरवून जागा भरली, आणि सप्टेंबर १९५०मध्ये लुईस परतून चार्ल्सकडूनच हरला. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी लष्करात भरती व्हायला नकार दिल्यामुळे १९६७मध्ये अलीचा किताब काढून घेतला गेला. जो फ्रेझरला तो पूर्णार्थाने मिळाला ८ मार्च १९७१ रोजी, न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये परतलेल्या अलीला हरवूनच. होम्स आणि अली यांची १९८०ची लढत वर आलीच आहे.

जे परतलेच नाहीत, त्यांच्या जागी मात्र जोड देताना मानवी निर्णय आहे. १९२८मध्ये जीन टनी निवृत्त झाला, त्याची जागा १९३०मध्ये मॅक्स श्मेलिंगने घेतली, तीही जॅक शार्कीचा ठोसा कमरेखाली बसल्याने नियमभंगावर. हेवीवेटचे जगज्जेतेपद नियमभंगावर जिंकले गेल्याचे ते एकमेव उदाहरण. १९५६मध्ये मार्सियानो निवृत्त झाला, आणि फ्लॉइड पॅटरसनने आर्ची मूरला हरवून एकविसाव्या वर्षी गादी घेतली. असे जोड मान्य होतात ते एकाच कारणाने : उरलेल्यांतले सर्वांत वरचे दोघे एकमेकांशी लढले असतील तर.

प्रश्न : १९९७मध्ये जॉर्ज फोरमनकडे कोणत्याही प्रमुख संघटनेचा पट्टा नसताना शॅनन ब्रिग्जशी झालेली त्याची लढत जगज्जेतेपदाची का मानतात?
– एक वाचक, पणजी

उत्तर : कारण पट्टे त्याने रिंगमध्ये गमावलेच नव्हते. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी ४५ वर्षांचा फोरमन, वीस वर्षांपूर्वी किन्शासात अलीशी हरताना घातलेलीच लाल पँट घालून, जगज्जेत्या मायकेल मूररसमोर उभा राहिला. तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रकांवर तो मागे होता. दहाव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताने मूररला आडवे केले आणि तो कोपऱ्यात गुडघे टेकून प्रार्थनेला बसला. नंतर संघटनांनी ठरवलेल्या आव्हानवीरांशी न लढल्याबद्दल १९९५मध्ये त्याचे दोन पट्टे गेले. गादी गेली ती २२ नोव्हेंबर १९९७ रोजी, जेव्हा दोन परीक्षकांनी ब्रिग्जला विजयी ठरवले आणि तिसऱ्याने बरोबरी दिली. अटलांटिक सिटीतल्या प्रेक्षकांना तो निर्णय पटला नाही, आणि मलाही पटत नाही. पण परीक्षकांचा निर्णय वादग्रस्त असला तरी तो रिंगमधला निर्णय असतो. चारच महिन्यांत, मार्च १९९८मध्ये, लेनॉक्स लुईसने ब्रिग्जला पाचव्या फेरीत हरवले. नोव्हेंबर १९९९मध्ये इव्हँडर होलीफिल्डला हरवून लुईसने तिन्ही मोठ्या संघटनांचे पट्टेही एकत्र केले.

प्रश्न : ओलेक्सांद्र उसिकपासून मागे मोजत गेल्यास लेनॉक्स लुईसपर्यंत पोहोचता येते का?
– एक वाचक, दुबई

उत्तर : नाही. लुईस फेब्रुवारी २००४मध्ये जगज्जेता असतानाच निवृत्त झाला आणि पुन्हा उतरला नाही. त्यानंतरची वर्षे युक्रेनच्या क्लिच्को बंधूंची. एरवी अशा वेळी वरच्या दोघांना समोरासमोर आणून प्रश्न सुटतो. येथे वरचे दोघे सख्खे भाऊ होते आणि एकमेकांशी लढणार नाही असे आईला दिलेले वचन त्यांनी पाळले. त्यामुळे नवी परंपरा केव्हा सुरू झाली याबद्दल मतभेद आहेत. काही जण जून २००९ची व्लादिमीर क्लिच्को विरुद्ध रुस्लान चागायेव ही गेल्झेनकिर्खेनची लढत धरतात, तर काही जण ऑक्टोबर २०१३ची मॉस्कोतली अलेक्सांदर पोवेत्किनविरुद्धची. मी पहिल्या बाजूचा आहे, कारण तोपर्यंत भावाखेरीज व्लादिमीरच्या वरचढ म्हणावा असा कोणी उरला नव्हता. कोणतीही तारीख धरली तरी पुढची वाट एकच आहे. २८ नोव्हेंबर २०१५ रोजी ड्युसेलडॉर्फमध्ये टायसन फ्युरीने व्लादिमीरला हरवले. फ्युरीने पुढच्या वर्षी पट्टे सोडले आणि दीर्घ काळ तो रिंगबाहेर राहिला, पण २०१८मध्ये परतल्यावर तो हरला नव्हता. १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये उसिकने त्याला दोन विरुद्ध एक अशा निर्णयाने हरवले आणि डिसेंबरमधल्या दुसऱ्या लढतीत तिन्ही परीक्षकांचे मत मिळवले. मधल्या काळात इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनचा पट्टा उसिकने सोडला होता व तो डॅनियल डुबुआकडे गेला होता. तोही त्याने १९ जुलै २०२५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये पाचव्या फेरीतल्या नॉकआउटने परत घेतला.