स्ट्रिक्ट मोड बंद करू का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या कर्ज-अर्जाचा जेसन स्कीमा (अर्जातली माहिती कशी असावी याची नियमावली) मी लिहिला. फॉर्मवर मराठी नावं दिसावीत म्हणून प्रत्येक फील्डला 'मराठीनाव' अशी आमची स्वतःची की (स्कीमातल्या नोंदीचं नाव) जोडली. पायथॉनच्या जेसनस्कीमा लायब्ररीत सगळं सुरळीत चालतं; ब्राउझरमधलं एजेव्ही (स्कीमानुसार माहिती तपासणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) मात्र 'अननोन कीवर्ड' म्हणत अडून बसतं. स्ट्रिक्ट मोड बंद करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नका करू, अगदी कळकळीनं सांगतो. तुमची की नियमबाह्य नाही. जेसन स्कीमाच्या 2020-12 च्या आवृत्तीनुसार अनोळखी की म्हणजे नुसती टीप. एजेव्ही सातव्या आवृत्तीपासून मुद्दाम कडक झालं, अनोळखी की दिसली की अडतं; हाच स्ट्रिक्ट मोड, आणि त्याचं मोल मला ठाऊक आहे. एका कामात पिनकोडला 'मॅक्सलेंग्थ' (कमाल लांबी) लावताना मधला एल मी कॅपिटल केला नाही. तेव्हाच्या व्हॅलिडेटरनं (तपासणाऱ्या प्रोग्रॅमनं) तीही टीपच समजली आणि गप्प राहिला. सात आकडी पिनकोड आत गेले. पाठवलेली पत्रं परत यायला लागली, तेव्हा कुठे चूक सापडली. पुढचे दोन दिवस एकेकाला फोन करून पत्ते दुरुस्त केले.

म्हणून स्कीमा कंपाइल करण्याआधी एजेव्हीच्या 'ॲडव्होकॅब्युलरी' या फंक्शनला तुमच्या कींची नावं सांगून टाका. मग तुमची की चालेल आणि चुकलेलं स्पेलिंग तिथल्या तिथे अडेल. की रोमन अक्षरांतच हवी, देवनागरी नाव एजेव्ही नोंदवून घेत नाही. व्हॅल्यू खुशाल मराठीत लिहा. सुरुवातीला 'एक्स-' लावा. ओपनएपीआय 3.0 (एपीआयचं वर्णन लिहायचं मानक) मध्ये खासगी भर त्यावाचून चालत नाही, उद्या स्कीमा तिकडे न्यायचा झाला तर बदल करावा लागणार नाही.

एक खाचखळगा आहे. कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता, दोन्ही फील्डं बहुधा 'रेफ'नं (दुसरीकडे लिहिलेल्या व्याख्येकडे बोट दाखवणाऱ्या कीनं) एकाच व्याख्येकडे जात असतील. जेसन स्कीमाच्या ड्राफ्ट 7 या जुन्या आवृत्तीपर्यंत रेफच्या शेजारी लिहिलेलं काहीच धरलं जात नसे, म्हणजे नेमकी ही दोन मराठी नावं गायब व्हायची. 2019-09 पासून ती अडचण गेली. तुमचा स्कीमा जुन्या ड्राफ्टचा असेल तर रेफ 'ऑलऑफ'च्या (आतल्या सगळ्या अटी लागू करणाऱ्या कीच्या) आत घाला आणि नाव बाहेर ठेवा.

आणि कर्जाची कमाल रक्कम 'एक्स-' लावलेल्या कीमध्ये कधीही ठेवू नका. ती की तुमचा फॉर्म तेवढा वाचेल, पायथॉनकडची तपासणी तिच्याकडे बघणारही नाही. रक्कम 'मॅक्सिमम'मध्येच लिहा.