टिपून मारणे, हत्या आणि वध

एका वाचकाने असे विचारले आहे : ‘इराणच्या लष्करी अधिकाऱ्यांना सीरियात आणि इतरत्र एकेक करून मारल्याच्या बातम्या गेली काही वर्षे येत आहेत. त्यांत टार्गेटेड किलिंग या शब्दासाठी कोणी लक्ष्यित हत्या लिहितो, कोणी खात्मा, कोणी नुसतेच ठार, आणि एकदा तर वधही वाचला. यांतला बरोबर शब्द कोणता? आणि प्रॉक्सी वॉरला छुपे युद्ध म्हणावे का?’

‘लक्ष्यित’पासून सुरुवात करतो, कारण आक्षेप घेण्यासारखा शब्द तोच आहे. ‘लक्ष्’ या धातूपासून भूतकालवाचक विशेषण होते ‘लक्षित’, आणि ज्याचा वेध घ्यायचा ते ‘लक्ष्य’. ‘लक्ष्य’ हे रूप मुळातच कृदन्त आहे. त्याला पुन्हा ‘इत’ जोडणे म्हणजे शिवलेल्या सदऱ्यावर दुसरी बाही लावण्यासारखे आहे. ‘पुष्पित’, ‘तारकित’ अशी नामाला ‘इत’ लागून झालेली रूपे संस्कृतात आहेत, त्यामुळे ओढूनताणून ‘लक्ष्यित’चे समर्थन करता येईल; परंतु त्या रचनेचा अर्थ ‘ज्याला फुले आली आहेत ते’ असा असतो, आणि त्याच चालीने ‘लक्ष्यित हत्या’ म्हणजे ‘जिला लक्ष्य आले आहे अशी हत्या’ असे काहीतरी होऊन बसेल. शिवाय लक्ष्य असतो तो माणूस, हत्या नव्हे. २०१६ साली सप्टेंबरच्या अखेरीस भारतीय लष्कराने नियंत्रण रेषेपलीकडे कारवाई केली, तेव्हा काही मराठी वृत्तपत्रांनी ‘लक्ष्यभेदी हल्ला’ हा शब्द चालवला. तो निदान व्याकरणाने सरळ आहे, कारण तेथे भेद करणारा हल्ला आहे आणि भेदले जाणारे लक्ष्य आहे.

आता या क्रियेला घरचा शब्द नाही असे मुळीच नाही. ‘टिपणे’ हे क्रियापद आपण कोंबडीने दाणा टिपण्यापासून छायाचित्रकाराने क्षण टिपण्यापर्यंत वापरतो, आणि नेमबाजाने सावज टिपणे हा त्याचाच विस्तार आहे. पुष्कळांतून एकावर नजर ठेवायची, बाजूच्याला धक्का न लावता तेवढाच उचलायचा, हे सर्व त्यात येते. निदान तसा दावा येतो, कारण इमारतीवर क्षेपणास्त्र पडते तेव्हा शेजारचे सुटतातच असे नाही. ‘वेचून मारणे’ याच्या जवळचे आहे, पण त्यात भर निवडीवर आहे, नेमावर नाही. यादी करून एकामागून एक माणसे मारली असतील तर ‘वेचून मारले’. एका विशिष्ट माणसाला गाठून मारले असेल तर ‘टिपून मारले’.

परंतु वाचकांचा खरा प्रश्न शब्दार्थाचा नसावा, न्यायाचा असावा. ‘हत्या’ म्हटले की कोणीतरी दोषी ठरतो, आणि ‘ठार’ म्हटले की दोषाचा प्रश्न टळतो. हा फरक आपल्या कानात कोठून आला? संस्कृतात ‘हत्या’ हे रूप मुख्यतः समासाच्या उत्तरपदी येते, आणि ते समास पाहा : ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या. पापांच्या यादीतून हा शब्द आपल्याकडे आला आहे. त्याचा डाग अजून गेलेला नाही. ‘वध’ मात्र रावणवध, कंसवध, कीचकवध यांच्या संगतीने आला, म्हणून मराठी माणसाला त्यात धर्मकार्याचा वास येतो. मूळ संस्कृतात हा भेद इतका काटेकोर नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सहा महारथींनी घेरून मारलेल्या अभिमन्यूच्या कथेलाही महाभारतात ‘अभिमन्युवधपर्व’च म्हटले आहे, आणि तो वध न्याय्य होता असे कोणी म्हणत नाही. वधाला पुण्याचा रंग आपण मराठीत चढवला. अफझलखानाचा ‘वध’ होतो. नारायणराव पेशव्यांचा मात्र ‘खून’ होतो. गांधीजींच्या बाबतीत तर ‘वध’ लिहिणारा आणि ‘हत्या’ लिहिणारा, दोघेही पुढचे वाक्य लिहिण्याआधीच आपला पक्ष सांगून मोकळे झालेले असतात.

मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या बाबतीतही आपल्याला हा अनुभव आहे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, आणि दुसऱ्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट हाही मारला गेला. सरकारच्या लेखी ते दोन्ही खून होते. आपल्या इतिहासलेखनात रँडचा ‘वध’ झाला. आयर्स्टच्या वाट्याला मात्र बहुधा नुसते ‘मारला गेला’ हेच क्रियापद येते, कारण तो वधाला पात्र होता असे म्हणण्याची कोणाची तयारी नव्हती. १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यातच निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांना मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या. ‘ऑपरेशन ब्लू स्टार’चा सूड म्हणून हे कृत्य झाले, आणि मराठीत ती ‘हत्या’च ठरली, दुसरा शब्द कोणाला सुचलाही नाही. मारणाऱ्यांच्या बाजूच्या लोकांनी अर्थातच वेगळे शब्द वापरले.

यावरून इराणकडे वळू. ३ जानेवारी २०२० रोजी बगदादच्या विमानतळाजवळ अमेरिकेने ड्रोनहल्ल्यात कासिम सुलेमानी यांना मारले. २२ मे २०२२ रोजी तेहरानमध्ये कर्नल हसन सय्याद खोदाई यांना त्यांच्या घराजवळ मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी गोळ्या घातल्या. २५ डिसेंबर २०२३ रोजी दमास्कसजवळ रझी मुसावी मारले गेले, आणि १ एप्रिल २०२४ रोजी दमास्कसमधील इराणी वकिलातीच्या आवारातील इमारतीवर झालेल्या हल्ल्यात मोहम्मद रझा जाहेदी आणि त्यांचे सहकारी मारले गेले. हे सारे इराणच्या क्रांतिरक्षक दलाचे अधिकारी होते. इराणी माध्यमे या दलातील सेनानींच्या नावामागे ‘सरदार’ लावतात, आणि मराठी वाचकाला क्षणभर शिंदे-होळकरांची आठवण होते. शब्द तोच आहे, फारसीतून आलेला. याच फारसीत एक फसवा शब्द आहे, तो अनुवादकांनी जपून हाताळावा. इराणी बातम्यांतला ‘तेरोर’ म्हणजे दहशत नव्हे, हत्या. ‘सरदार सुलेमानींचा तेरोर’ म्हणजे सुलेमानींनी केलेला दहशतवाद असे भाषांतर कोणी केले, तर अर्थाची वाताहत होईल. उलट आपण ज्याला ‘खून’ म्हणतो, तो फारसीत नुसते रक्त आहे.

इस्रायलची हिब्रू संज्ञा आणखी वेगळी आहे. ‘सिकुल मेमुकाद’ असा तो शब्दप्रयोग आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘केंद्रित प्रतिबंध’ असा होतो. त्यात मारणे नाही, मरणारा नाही. आहे तो फक्त टाळलेला धोका. अमेरिकेत १९७६ पासून राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने राजकीय हत्यांना मनाई आहे आणि १९८१ च्या आदेशाने ती कायम राहिली, तेव्हा सरकारी निवेदनात ‘हत्या’ हा शब्द येणे शक्यच नव्हते. ‘टार्गेटेड किलिंग’ या शब्दाने ती अडचण सोडवली. आपल्याकडे ‘चकमक’ या शब्दाचे जे झाले, तेच येथे झाले आहे. दोन दगड एकमेकांवर घासल्याशिवाय चकमक झडत नाही, तरी एकाच बाजूने गोळ्या सुटलेल्या प्रसंगालाही आपण बिनदिक्कत चकमक म्हणू लागलो.

कायद्याने मात्र प्रश्न अधिक नेमका विचारला आहे. १९०७ च्या हेगच्या नियमांत शत्रूच्या सैन्यातील माणसाला मारण्यास मनाई नाही. मनाई आहे ती दगाबाजीने मारण्यास. याचा अर्थ युद्ध चालू असताना गणवेशातील सेनापतीला नेम धरून मारले, तर केवळ तो नेमका हेरला होता म्हणून ती हत्या ठरत नाही. वाद असतो तो युद्ध मुळात चालू होते का आणि रीत कोणती होती यावर. आपली जुनी भाषा हाच भेद करते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. रणात पडलेला ‘धारातीर्थी’ पडतो, आणि वाड्यात गाठून मारलेल्यावर ‘मारेकरी घातले’ जातात किंवा त्याला ‘दगा’ होतो. २००६ साली पॅलेस्टिनी बंडखोरांसंबंधीच्या निकालात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानेही अशा मारण्याला सरसकट परवानगी दिली नाही आणि सरसकट बंदीही घातली नाही. प्रत्येक प्रसंग तपासावा, आणि माणसाला अटक करता येत असेल तर मारू नये, असे सांगितले. ‘धरावे’ शक्य होते का, हे ‘मारावे’च्या आधी विचारायचे. ज्या भाषेत ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा पोरासोरांना ठाऊक आहे, तिला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

म्हणून माझे मत असे आहे. खोदाईंसारख्या अधिकाऱ्याला रणांगणापासून दूर, घराजवळ, रस्त्यावर गाठून गोळ्या घातल्या असतील, तर ‘हत्या’ आणि ‘मारेकरी’ हे शब्द निःशंक वापरावेत. जाहेदींच्या बाबतीत इमारतीवर हल्ला झाला. तेथे ‘हवाई हल्ल्यात ठार मारले’ किंवा ‘टिपून ठार मारले’ असे लिहावे, आणि ‘हत्या’ हा इराणचा शब्द असेल तर तो इराणच्या तोंडी द्यावा. ‘ठार झाले’ मात्र शक्यतो टाळावे. घाटात बस कोसळूनही माणसे ठार होतात. नेम धरणारा कोणीतरी होता, हे त्या क्रियापदात बुडून जाते. कर्ता जाहीर नसेल (दमास्कसच्या हल्ल्यानंतर इस्रायलने अधिकृत कबुली दिली नव्हती), तर ‘मारले गेले’ लिहून पुढे आरोप कोणी कोणावर केला ते सांगावे. ‘खात्मा’ आणि ‘कंठस्नान’ हे शब्द विजयोत्सवाचे आहेत. बातमीत त्यांचे काम नाही. ‘वध’ कीर्तनकारांसाठी राखून ठेवावा.

राहिला ‘प्रॉक्सी’. महाविद्यालयात ज्यांनी मित्रासाठी ‘प्रॉक्सी’ लावली आहे, त्यांना याचा अर्थ शब्दकोशाविना कळतो : एकाच्या जागी दुसरा. ‘छुपे युद्ध’ हा शब्द काश्मीरच्या संदर्भात रुळला, कारण तेथे पाकिस्तान हात असल्याचे नाकारत असे. इराणने हिजबुल्ला या लेबनॉनमधील सशस्त्र संघटनेला दिलेला पाठिंबा कधी लपवलेला नव्हता, तेव्हा त्याला ‘छुपे’ कसे म्हणणार? मराठीत ‘परहस्ते’ हा सुटसुटीत शब्द आहे. ‘परहस्ते युद्ध’ मला पसंत आहे, आणि तो जड वाटला तर सरळ ‘प्रॉक्सी युद्ध’ लिहावे. बोलताना तर ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे’ आहेच, आणि त्याहून खमंग ‘पाहुण्याच्या काठीने साप मारणे’ हेही आहे. दमास्कसच्या हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १३ एप्रिल २०२४ च्या रात्री, इराणने स्वतःच्या भूमीवरून इस्रायलवर तीनशेहून अधिक ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली. तेवढ्यापुरती काठी पाहुण्याची राहिली नव्हती, आणि त्या रात्रीसाठी साधा ‘हल्ला’ हाच शब्द पुरेसा आहे.