जर्मनीला जा, पण बाबांच्या शेतावर बोजा चढवून नको

तुझा मेसेज नीट वाचला. खानापूर तालुक्यातलं घर, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशिनवर (संगणकावर चालणाऱ्या) सात वर्षं, हातात मेकॅनिकल डिप्लोमा, घरात बायको आणि चार वर्षांची मुलगी. एजंट म्हणतो चान्सेनकार्ट नावाच्या जर्मन परवान्यावर चल, सगळं मिळून सतरा-अठरा लाख लागतील. ते पैसे उभे करायला बाबांच्या शेतावर सोसायटीचं कर्ज काढावं, की रुपया पडतोय आणि जर्मनीत मंदी आहे म्हणून थांबावं, असं तू विचारलंस. मीही बेळगावातूनच आलोय आणि स्टुटगार्टजवळ मशिन शॉपमध्ये काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. ये, जरूर ये. पण हातात नोकरीचं पत्र नसताना येऊ नको, आणि शेताच्या उताऱ्यावर बोजा चढवून तर मुळीच नको.

चान्सेनकार्ट म्हणजे नोकरी शोधायला वर्षभर राहण्याचा परवाना, जून २०२४ पासून सुरू झालेला. गुण मोजून मिळतो, सहा लागतात. अनुभव आणि वय धरून तुझे ते भरतीलही. पण स्वतःच्या खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात. २०२५ साली हा आकडा महिन्याला १,०९१ युरो होता, म्हणजे वर्षाचे १३,०९२. युरो शंभर रुपये धरला तर तेरा लाखांच्या वर. हे पैसे एजंटला जात नाहीत, तुझ्याच नावावर अडकवून ठेवतात आणि दरमहा थोडे थोडे सुटतात, हे खरं. पण नोकरी मिळाली नाही तर वर्षभरात तूच ते खाऊन संपवणार. मधल्या काळात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, त्यातून भाडंही जेमतेम सुटतं.

आणि एजंट एक गोष्ट सांगत नाही. कायद्याने चान्सेनकार्टला ए-वन म्हणजे अगदी सुरुवातीचं जर्मन किंवा बी-टू म्हणजे बऱ्यापैकी पुढचं इंग्रजी पुरतं. शॉप फ्लोअरवर ते पुरत नाही. सेटिंग बदलताना मास्टर, म्हणजे फ्लोअरवरचा मुख्य, जे बोलतो ते त्याच्या गावच्या जर्मनमध्ये, मशिनच्या आवाजात, आणि भरभर. सुरक्षेच्या सूचनाही जर्मनमध्ये. ज्याला ते कळत नाही त्याला चांगली ऑर्डर असतानाही कंपनी घ्यायला कचरते, मग आत्ताचं काय बोलायचं?

आता मंदीकडे येतो, कारण तुझी खरी काळजी तीच दिसते. जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आकसली. रशियाचा स्वस्त गॅस बंद झाल्यावर वीज-इंधन महागलं, चीनमधली मागणी बसली, आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बदलात गाड्यांचे कारखाने अडखळले. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी करायचं ठरवलं. मोठ्या कंपनीला शिंक आली की तिला सुटे भाग देणाऱ्या आमच्यासारख्या कारखान्यांना थेट ताप भरतो. आमच्याकडे मधे काही महिने शुक्रवारी अर्ध्या मशिन झाकलेल्या असायच्या. ऑर्डर नाही, पण माणसं काढायची नाहीत म्हणून तास कमी केले होते. याला कुर्त्सआर्बाइट म्हणतात. बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के भाग सरकारी रोजगार संस्थेकडून मिळतो, मूल असेल तर ६७ टक्के.

पण हे संरक्षण जुन्या माणसाला. नव्या माणसाला सहसा सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीचा काळ, असते आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवता येतं, कारण द्यावं लागत नाही. बेकारी भत्ता हवा तर आधी बारा महिने विमा भरलेला असावा लागतो. वर तुझा राहण्याचा परवानाही त्या नोकरीशी बांधलेला. म्हणजे जीडीपी अर्धा टक्का घसरला की वाढला याने तुझं काही बिघडत नाही. मंदी तुझ्यापर्यंत पोहोचते ती त्या पहिल्या वर्षातून. ते एक वर्ष तू उघडा असतोस. नेमक्या त्या वर्षात मागे शेत गहाण असेल तर इथल्या दोन आठवड्यांच्या नोटिशीची झळ बाबांना लागते. माझा सगळा विरोध एवढ्याचसाठी आहे.

हप्त्याचा हिशोब करून बघ. पंधरा लाख, बारा टक्के, पाच वर्षं धरली तर महिना साधारण ३३,४०० रुपये. आता इथला पगार. समजा महिना ३,५०० युरो ब्रुटोवर, म्हणजे कपातीआधीच्या आकड्यावर, ठरला. पहिली पगाराची चिठ्ठी हातात आली की वरून खाली वाचत जा: पेन्शनला ३२५ युरो, आरोग्य विम्याला तीनशेच्या आसपास, बेकारी विम्याला ४५, शुश्रूषा विम्याला साठ-पासष्ट, आणि मग आयकर. खाली नेट्टो, म्हणजे हातात पडणारे, उरतात सुमारे तेवीसशे. बायको इथं आली की करवर्ग बदलून घेता येतो आणि हातात बरेच जास्त पडतात, पण ती खानापुरात असेपर्यंत तू पहिल्या वर्गात, म्हणजे एकट्या माणसाच्या कराने. यातून खोलीचं भाडं, जेवण, प्रवास, फोन, आणि घर मिळवताना तीन भाड्यांपर्यंतचं डिपॉझिट. पहिल्या वर्षी महिना सहाशे युरो मागे पडले तरी चांगलं म्हणायचं. त्यातले निम्म्याहून जास्त हप्त्यात गेले, तर बायको-मुलीला आणायचं तिकीट आणि मोठं घर कशातून करणार?

पेन्शनचे ३२५ वाया जात नाहीत, हे मात्र सांगितलं पाहिजे. पाच वर्षं भरलीस की हक्क लागतो, आणि भारत-जर्मनी करार २०१७ पासून लागू असल्याने पुढे परत गावी गेलास तरी ती पेन्शन तिथं मिळते.

रुपयाचं म्हणशील तर २०१५ च्या आसपास युरो सत्तर-पंच्याहत्तरला होता, २०२५ मध्ये त्याने शंभरी गाठली. इथं कमावणाऱ्याला ते बरंच वाटतं. पण यायच्या आधी तुझे पैसे रुपयात आहेत आणि खर्च युरोत, म्हणून तुला ते उलटं बसतं. नव्वदच्या दराने तेच १३,०९२ युरो पावणेबारा लाखांना पडले असते. दर खाली येईल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. लागणारे युरोच कमी कर. नोकरीचं पत्र घेऊन आलास तर वर्षाचे पैसे अडकवावे लागत नाहीत, पहिले दोन-तीन महिने निघतील एवढी रक्कम आणि डिपॉझिट पुरतं. ते चार-पाच लाखांत बसतं, आणि भिशी, बचत, लागलंच तर थोडं सोनं यातून उभं राहतं. सोनं वहिनींचं आहे, तेव्हा त्यांना विचारून.

त्यासाठी आधी बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, जर्मन कर. नोकरी करत करत वर्ष-सव्वा वर्ष धर. पुण्यात आणि बेंगळुरूत मॅक्सम्युलर भवन ही जर्मन शिकवणारी संस्था आहे, परीक्षा तिथं देता येते. त्याच काळात डिप्लोमाच्या मान्यतेचा अर्ज टाक. कारखान्यातल्या बहुतेक धंद्यांसाठी तो न्युर्नबर्गच्या आयएचके फोसा या संस्थेकडे जातो. पूर्ण मान्यता नाही मिळाली, अर्धवट मिळाली तरी मालक तयार असेल तर इथं येऊन काम करत ती पुरी करता येते, मार्च २०२४ पासून तशी सोय आहे. व्हिसाचं काम तुझा पत्ता कर्नाटकातला म्हणून बेंगळुरूला. मुंबई जवळची वाटते म्हणून तिकडची अपॉइंटमेंट घेऊ नको.

मागची व्यवस्था निघण्यापूर्वीच लाव. अनिवासी झालास की साधं बचत खातं चालत नाही, ते एनआरओ (अनिवासी माणसाचं भारतातल्या पैशांचं खातं) करून घे आणि इथले पैसे पाठवायला एनआरई (परदेशी कमाईचं खातं) उघड. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असतं, पण जर्मनीत राहणाऱ्याला ते इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. व्याज-लाभांश मिळून एका माणसाला वर्षाला १,००० युरोपर्यंत इथं सूट आहे. ‘एनआरईला कुठंच टॅक्स नाही’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात, त्यावर जाऊ नको. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं काढता येत नाही. टर्म इन्शुरन्स मात्र येण्याआधी काढ.

जमिनीबद्दल आणखी एक. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने येऊ शकते. म्हणजे ‘जर्मनीत कमावून दोन एकर आणखी घेईन’ हे तुझ्या नावावर होणार नाही. आज जे बाबांच्या नावावर आहे, तेच पुढे तुझ्याकडे यायचं आहे. ते सोसायटीच्या बोज्याखाली घालताना हे डोक्यात ठेव.

एजंटला अजून पैसे दिले नसशील तर देऊ नको. जर्मन मालकाचं नाव, कामाचा करार आणि पगार कागदावर दाखव म्हणावं. कुठूनही ऑफर आली की सही करण्यापूर्वी मला पाठव. प्रोबेत्साइट किती, कंपनी टॅरिफ करारात, म्हणजे कामगार संघटनेशी झालेल्या पगाराच्या सामूहिक करारात, आहे का, आठवड्याचे तास ३५ की ४०, आणि त्या गावात खोली केवढ्याला मिळते, एवढं बघून दोन दिवसांत कळवतो.