छोट्या, हुबेहूब वस्तू पाहून इतका आनंद का होतो?

मला याचं उत्तर भातुकलीत सापडतं. पितळी भातुकलीतला बंब घ्या. बोटभर उंचीचा, पण नळकांडं, तोटी, खालची जाळी सगळं जागच्या जागी. खरा बंब न्हाणीघरात धुरकटून उभा असायचा, त्याच्याकडे निरखून कोण पाहणार? हा मात्र तळहातावर चहूबाजूंनी फिरवता येतो. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी हेच मांडलं होतं: मोठी वस्तू आपण भागाभागाने समजून घेतो, छोट्या प्रतिकृतीत मात्र ती आधी अखंड कळते.

शिवाय कारागिरीचं नवल असतंच. जातं सुपारीएवढं असलं तरी खुंटा धरून फिरवल्यावर वरची तळी फिरलीच पाहिजे, नाहीतर निम्मी मजा गेली. सावंतवाडीची लाकडी भातुकली बघताना मोठी माणसंही हरखतात ती यासाठीच.

आणि सर्वांत खोल कारण मला वाटतं ते म्हणजे सत्ता. एरवी जग मुलापेक्षा मोठं असतं. दिवाळीत अंगणात माती-दगडांचा किल्ला रचून त्यावर अळीव पेरले, की कुठला मावळा कुठल्या बुरुजावर उभा राहणार हे तेच ठरवतं.