खून कधी होणार?

प्रिय मुली,

तुझ्या कादंबरीचं हस्तलिखित दोन बैठकांत वाचून संपवलं. ग्रंथालयातल्या रहस्यकथांची शेवटची पानं कोण फाडून नेतंय, याचा माग काढणाऱ्या तुझ्या निवृत्त ग्रंथपालबाई मला फार आवडल्या. चोराला फसवायला त्या खोटंच शेवटचं पान लिहून पुस्तकात चिकटवतात, तिथे मी एकटा बसून मोठ्याने हसलो. मग तू सोबत पाठवलेलं मुखपृष्ठ उघडलं. धुकं, धुक्यात एक पाठमोरी बाई आणि नाव ‘अस्तित्वाच्या पैलतीरी’. क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाची फाइल जोडलीस.

चित्र सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. मैत्रिणीला सांग, मूळ चित्र मला घरात लावायला आवडेल. पण ते ह्या पुस्तकावर शोभत नाही. ते बघून जो वाचक आत येईल तो एकटेपणा, मृत्यू, चिंतन अशा तयारीने येईल आणि त्याच्यापुढे तू डिंकाची बाटली घेऊन धावणारी बाई उभी करशील. ज्याला ही बाई आवडली असती तो धुकं बघूनच पुढे गेलेला असेल.

मलाही हे शहाणपण उपजत नव्हतं. माझी पहिली कादंबरी मीही तुझ्यासारखी प्रकाशकाशिवाय, स्वतःच काढली. वडील गेल्यावर दोन बहिणी घर आवरायला येतात, कपाटं रिकामी करतात, जुनी भांडणं उकरून काढतात, एवढीच गोष्ट. नाव ठेवलं ‘तिसरी किल्ली’, कारण घरातली एक किल्ली कुठल्याच कुलपाला लागत नाही. कव्हर करणाऱ्याने कादंबरी वाचली नव्हती. ‘नाव सांगतो, तेवढ्यावर कर’ असं मीच त्याला म्हणालो होतो. त्याने नावावरून जे सुचलं ते केलं: काळीकुट्ट पार्श्वभूमी, लालभडक किल्ली, तिच्या टोकाला एक थेंब. मी खूश. प्रतीही बऱ्या खपल्या. मग अभिप्राय यायला लागले. एकाने लिहिलं, ‘१२० पानं झाली, खून कधी होणार?’ आणि एकच स्टार. आठवडाभर मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. नंतर डोकं शांत झालं तेव्हा कळलं, त्या बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? थेंब मीच दाखवला होता. लिखाणाला नावं ठेवणारे त्यात फार थोडे होते, बहुतेकांना फसवल्यासारखं वाटलं होतं.

प्रकाशन संस्थेचं पुस्तक असलं की वाचकाला आधार असतात. संस्थेचं नाव, तिने आधी काय छापलंय त्याची ओळख, परीक्षणं, विक्रेत्याचे चार शब्द. १९३५ साली पेंग्विनची पुस्तकं निघाली तेव्हा तर रंगावरूनच कळायचं: नारिंगी पट्टे म्हणजे कादंबरी, हिरवे म्हणजे गुन्हेकथा, निळे म्हणजे चरित्र. चित्राचीही गरज नव्हती. स्वतः पुस्तक काढणाऱ्यामागे यातलं काहीच नसतं. अनोळखी लेखक, अनोळखी पुस्तक. त्याची जातकुळी सांगायची सगळी जबाबदारी नाव, मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरच्या मजकुरावर येते. किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तकांत, साधारण पहिला १० टक्के भाग फुकट वाचता येतो खरा, पण तो उघडायचा की नाही हे कव्हर बघूनच ठरतं.

तुला धुकं का हवं होतं हेही मला समजतं. चोर शेवटची पानं का नेत होता हे कळल्यावर पुस्तक एकदम गंभीर होतं, आणि तुझा जीव त्या शेवटच्या ४० पानांत आहे. पण ते दारावर टांगू नकोस. हसत वाचायला घेतलेलं पुस्तक शेवटी गहिवर आणतं तेव्हा वाचकाला काहीतरी जास्तीचं हाती लागल्यासारखं वाटतं. चिंतन समजून घेतलेल्या पुस्तकात डिंक निघाला तर तो वैतागतो. कव्हरवर सुरुवातीच्या पन्नास पानांचा सूर हवा. शेवटाची चाहूल फार तर एखाद्या कोपऱ्यात.

आता नाव. ‘अस्तित्व’ हा शब्द मुळात जड आहे, त्यात पैलतीर. ह्या नावाने तू डझनभर वेगवेगळी पुस्तकं खपवू शकशील, आणि हाच त्यातला दोष. नुसतं ‘शेवटचं पान’ बरं आहे, पण त्याच नावाची इतर पुस्तकं असणारच. नावावर सहसा कॉपीराइट नसतो, त्यामुळे कुणी अडवणार नाही. शोधणाऱ्याला मात्र तुझं सापडणार नाही. मी असतो तर ‘शेवटचं पान गेलं कुठे?’ ठेवलं असतं. प्रश्न आला की रहस्य आलं, आणि बोलण्याच्या ढंगामुळे खेळकरपणाही. आवडलं नाही तर सोड, पण खाली बारीक अक्षरात ‘रहस्यकथा’ एवढा एक शब्द टाकच.

चित्रासाठी भिंग आणि हॅटवाला माणूस नको, ते पाहून डोळे विटलेत. रंग आणि अक्षरांचं वळण ह्या प्रकारच्या पुस्तकांच्या जवळचं घे, वस्तू तुझ्या गोष्टीतली. फाटलेल्या पानाची दातेरी कड, त्यावर उरलेला पृष्ठक्रमांक, शेजारी डिंकाची बाटली. बास.

अक्षरांकडे बारकाईने बघ. तुझ्या कव्हरवर अक्षरांमधलं अंतर वाढवल्यामुळे शिरोरेघ जागोजागी तुटलीय. रोमन अक्षरांना ते शोभतं, देवनागरीचे दात पडल्यासारखे दिसतात. शिवाय ‘अस्तित्वाच्या’मधली जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडल्यासारखी आलीत, हा सॉफ्टवेअरचा घोळ असतो, पण वाचकाला दिसतो तो तुझा निष्काळजीपणा. किंडलसाठी २५६० बाय १६०० पिक्सेलची फाइल करतात, आणि वाचक ती बघतो अंगठ्याच्या नखाएवढी. त्या आकारात रफार आणि मात्रा सर्वांत आधी विरघळतात. जाड, मोकळं अक्षर घे. फॉन्ट आणि फोटो विकायच्या पुस्तकावर वापरायची परवानगी आहे ना, तेही तपास.

आणि हे सगळं छपाईआधी ठरव. मी नंतर किल्लीवरचा थेंब काढला, पार्श्वभूमी फिकट केली. कव्हर बदलायला नवा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लागत नाही. नाव बदललं की लागतो, आणि नव्या नंबराचं ते नवं पुस्तक ठरतं. म्हणून ‘तिसरी किल्ली’ अजून ‘तिसरी किल्ली’च आहे, आणि अधूनमधून कुणीतरी खुनाची चौकशी करतंच.

एक काम कर. नवं कव्हर झालं की पुस्तक न वाचलेल्या चार जणांना फोनवर दोन सेकंद दाखव आणि आत काय असेल ते विचार. ‘छान आहे का’ हे विचारू नकोस, सगळे हो म्हणतील. त्यांची उत्तरं जशीच्या तशी लिहून मला पाठव. कव्हर नंतर पाठव.

सस्नेह