सायबेरियन आयरिस: पाने हिरवीगार, फुलाचा पत्ता नाही

प्रश्न: सायबेरियन आयरिस लावून तीन वर्षे झाली. आयरिसचे कंद कुजतात असे ऐकल्यामुळे ते अर्धे उघडेच ठेवले. पाणी बेताने देतो, युरिया वेळच्या वेळी टाकतो. फूल मात्र एकही आले नाही. काय करावे?

उत्तर: तुम्हाला मिळालेला सल्ला खोटा नाही, पण तो दाढीवाल्या आयरिसचा (ज्याच्या पाकळीवर दाढीसारखे केस असतात त्या प्रकाराचा) आहे. त्याचे जाडजूड कंद मातीच्या वर उन्हात राहिलेले बरे. ओल धरली की ते सडतात. सायबेरियन आयरिस मूळचा मध्य व पूर्व युरोपातल्या ओलसर कुरणांतला. त्याचे कंद बारीक आणि मुळे दोऱ्यासारखी असतात, उघडी पडली की लगेच सुकतात. म्हणून कंद 3 ते 5 सेंमी मातीखाली हवेत.

उन्हाळा ओसरला, पण जमीन गोठायला निदान सहा आठवडे बाकी आहेत, अशा वेळी ठोंब उचला आणि कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून पुन्हा लावा. दोन ठोंबांत 45 ते 60 सेंमी अंतर ठेवा. उचलल्यापासून लावेपर्यंत मुळांवर ओले गोणपाट असू द्या. पुढचा एक हंगाम माती कोरडी पडू देऊ नका. नंतर पाण्याची खरी गरज वसंतात कोंब फुटल्यापासून फुले संपेपर्यंत असते. ओल हवी याचा अर्थ डबके नव्हे. हिवाळ्यात गड्ड्याशी पाणी साचले तर हाही कुजतो.

युरिया थांबवा. त्यातले नत्र जास्त झाले की झाड पानांतच रमते. वसंतात कंपोस्टचा एक थर पुरतो. मातीचा सामू (pH) 5.5 ते 7 च्या दरम्यान असावा, त्यामुळे तो वाढवणारा चुना किंवा राख वाफ्यात टाकू नका. रोज सहा तास तरी ऊन मिळते ना, तेही पाहा. एवढे करूनही पहिल्या वर्षी फुले येतीलच असे नाही. ठोंब हलवला की हे झाड रुसते आणि पुन्हा बसायला एकदोन वर्षे घेते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. या झाडाला हिवाळ्यातली थंडी आणि विश्रांती लागते. जिथे हिवाळा उबदार असतो तिथे पाने वाढतील, फुले क्वचितच येतील. थंडीची भरपाई करणारे खत नाही.

प्रश्न: जुना ठोंब मध्ये पोकळ झाला, कडेनेच कोंब येतात. रोग आहे का?

उत्तर: नाही, वय झाले. ठोंब कुदळीने उचलून धारदार खोऱ्याने फोडा, मधला लाकडासारखा भाग फेकून द्या. प्रत्येक तुकड्यावर किमान तीन-चार कोंब ठेवा. एकेका कोंबाची रोपे केली तर संख्या वाढते, पण फुलांची वाट पाहावी लागते. चांगला फुलणारा ठोंब केवळ इतकी वर्षे झाली म्हणून फोडू नका.

प्रश्न: पाने कधी कापावीत?

उत्तर: पूर्ण पिवळी पडल्यावर, जमिनीपासून 5 सेंमी ठेवून. हिरवी असताना कापली तर कंदात साठा होत नाही. वाळका पाला वाफ्यात ठेवू नका. उत्तर अमेरिकेत कंद पोखरणाऱ्या आयरिस बोरर या किडीची अंडी हिवाळाभर त्यातच राहतात. शेंगा हव्यात की नकोत हे तुमच्यावर, पण बियांपासून आलेली रोपे मूळ वाणासारखी निघत नाहीत. कंद पोटात गेल्यास गुरांना आणि कुत्र्या-मांजरांना विषबाधा होते, म्हणून फोडलेले तुकडे उघड्यावर टाकू नका.